वन्संची गिटार आणि ह्यांचा अंगठा

दुकानदारानं दातात धरलेलं प्लास्टिकचं तिकोनी पान काढलं, सदऱ्यावर पुसल्यासारखं केलं आणि आमच्या वन्संच्या हातावर ठेवलं.

"घ्या मावशी. ह्यानं तार छेडायची. पिक म्हणतात ह्याला."

त्याच्या टोकाला थुंकी लागलेली मला स्वच्छ दिसत होती. सोमवार होता, माझा उपास होता, सकाळच्या लिंगपूजेची विभूती कपाळावर अजून तशीच होती. मी पदर नाकाला लावला. वन्संनी मात्र ते पान दोन बोटांत प्रसादासारखं धरलं आणि भिंतीला टांगलेल्या गिटारींकडे बघत राहिल्या.

मी रोज दुपारी भांडी आवरली की वहीत चार ओळी लिहिते. भाजी काय केली, कोण आलं, पूजेला फुलं कोणती मिळाली, असलंच. त्या दिवशीच्या पानावर एवढंच आहे : "नव्या पेठेत गेलो. किळस आली." बाकीचं लिहायला हात धजला नाही, कारण त्या किळसेतला थोडा वाटा माझाही होता. आता सगळं लिहिते.

नीलम्मा ही आमच्या ह्यांची धाकटी बहीण. वय एकोणपन्नास. अठराव्या वर्षी अक्कलकोटच्या पुढच्या एका गावात दिली होती. पंचविसाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन परत आल्या. का आल्या ते कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आल्याच्या चौथ्या दिवशी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरायला लागल्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. नजर कमी झाली तशा टॉवेलच्या कडा शिवायला बसल्या. सकाळी डब्यात दोन भाकरी, शेंगाचटणी, संध्याकाळी केसांत सुताची पांढरी पिंजण घेऊन परत. चोवीस वर्षं. ह्या घरात त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यांचं म्हणून एक कपाटसुद्धा नाही. ती पत्र्याची पेटीच.

एक गोष्ट मात्र त्यांची होती. गळा.

माझ्या सासूबाई, पार्वतम्मा, माहेरहून येताना एक कानडी पद घेऊन आल्या होत्या. कोणाचं, कधीचं, कोणालाच माहीत नाही. घरात त्याला 'अव्वाचं पद', म्हणजे आईचं पद, म्हणायचे. चार ओळींचं. पण त्याच्या तिसऱ्या ओळीत एक वळण आहे. आवाज वर चढतो आणि तिथून विहिरीत दोर सोडावा तसा, कुठंही न अडखळता, हळूहळू खाली येतो. एक ओळ एका श्वासात. मध्ये श्वास घेतला की पद मोडलं. सासूबाईंनी ते लेकीला दिलं, सुनेला नाही. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पुण्यस्मरणाला दरवर्षी वन्सं ते म्हणायच्या. पूजेला आलेले जंगम स्वामी डोळे मिटायचे, आणि मी भांडी वाजू नयेत म्हणून स्वयंपाकघरात उभीच राहायची.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ मोठी होती, जीव वाचला, त्यात काही खोट नाही. पण आवाज परत आला नाही. बोलतात, पण फुटक्या मडक्यात वारा शिरावा तसं. त्या वर्षीच्या पुण्यस्मरणाला आमच्या भजनातल्या बायकांनी ते पद एका लग्नातल्या गाण्याच्या चालीवर म्हटलं. टाळ्या वाजवून! मला शिसारी आली. वन्सं कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्यानंतर तर कोणी म्हटलंच नाही.

शब्द माझ्या वहीत आहेत. पण चाल वहीत लिहिता येत नाही. वन्सं मला शिकवायला बसायच्या; तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटायचा, आणि ते वळण म्हणजे नेमकं काय हे मला कळायचंच नाही. शेजारच्या नीलगारांच्या पेटीवर काढून बघितलं.

"पेटीत वळण नसतंय वैनी," वन्सं खरखरत म्हणाल्या. "पेटीत नुसत्या पायऱ्या असत्यात."

म्हणजे ती चाल आता एका माणसाच्या डोक्यात होती, आणि त्या माणसाला गळा नव्हता. वन्सं गेल्या की अव्वाचं पद संपलं. एवढी सरळ गोष्ट होती ती.

वैशाखात विजापूर रोडला एका मंगल कार्यालयात लग्न होतं. तिथं ऑर्केस्ट्रा. मी कानात बोटं घालायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यातल्या एका पोरगेल्या माणसानं गिटारीची तार बोटानं वर ढकलली आणि आवाज वळला. नुसता चढला नाही, वळला. वन्संच्या हातातला बुंदीचा घास हातातच राहिला.

"वैनी, ऐकलं का? त्याची तार रडली की."

जेवणं झाल्यावर त्या स्टेजमागं जाऊन त्या माणसाशी दहा मिनिटं बोलून आल्या. चोवीस वर्षांत परक्या माणसाशी त्यांना बोलताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यानं सांगितलं होतं : साधी पोकळ गिटार घेऊ नका, तिचा आवाज लगेच मरतो आणि तारा कडक असतात. इलेक्ट्रिक घ्या. बारीक तारांची. बोटानं सहज वळली पाहिजे. आणि नुसती ती मुकी असते, म्हणून एक अ‍ॅम्प लागतो, आवाज मोठा करायचा डबा. घरात वाजवायचा तर लहान घ्या, मोठ्याच्या नादाला लागू नका.

इतका शहाणा सल्ला फुकट मिळाला होता. आणि आम्ही त्याची काय माती केली ते बघा.

आमचे हे, ईरप्पा, त्याच एमआयडीसीत जॉबर आहेत. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग अडला, धागे तुटायला लागले की ह्यांना बोलावतात. हे ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, उजवा अंगठा दाबतात आणि सांगतात, कुठला धागा ढिला, कुठला कडक. एकतीस वर्षं. तो अंगठा म्हणजे घरातला सहावा देव. कपडे वाळत घालायची दोरी असो, खाटेची नवार असो, माझ्या मंगळसूत्राचा दोरा असो, हे अंगठा लावल्याशिवाय राहत नाहीत. नखाच्या कडेला तेलाची काळी रेघ आहे, ती कुठल्याही साबणानं गेली नाही. त्याच अंगठ्यानं हे आंबा पिळतात.

तर गिटार घ्यायची म्हटल्यावर हे आधी हसले, मग म्हणाले, "तारांचंच काम हाय न्हवं? मग तुमी बायका काय बघणार? मी येतो."

पैसे वन्संचे होते. पण दुकानात पहिली खुर्ची ह्यांनी घेतली.

आणि आता त्या थुंकी लागलेल्या पिकाकडे येते. वन्संनी ते पदराला पुसलं आणि भिंतीवरची एक साधी तपकिरी गिटार मागितली. मांडीवर घेऊन एक तार बोटानं ढकलली. वायर जोडलेली नव्हती, आवाज डास गुणगुणल्याएवढा. पण तार वळली. त्यांचा चेहरा मी बघितला. तापातून उठलेल्या माणसाला पहिला घास गोड लागावा तसा.

"आण हिकडं," हे म्हणाले. अंगठा दाबला. "छ्या! ढिली हाय ही."

"अण्णा, ढिलीच पायजे. त्या मान्सानं सांगितलंय..."

"लग्नात वाजवणाऱ्यानं? अगं, ढिला धागा म्हंजे तुटका धागा. आज वळती, उद्या लोंबकळंल. ती लाल बघू."

लाल गिटारीवर विजेसारखा पांढरा पट्टा होता. तारा जाड, आणि लाकडापासून चांगल्या उंच उचललेल्या. अंगठा टेकवला तर अंगठ्यालाच वळ उठला.

"हे बघ! बीमावर चढवलेल्या ताण्यासारखं कडक!"

"काका जाणकार दिसतात," दुकानदार म्हणाला. त्या लाल गिटारीवर बोटभर धूळ होती; कितीतरी दिवस ती तिथून हलली नसावी. जाणकार गिऱ्हाईक मिळाल्याचा त्याला आनंदच झाला असणार. त्यानं ती वायरला जोडली आणि वन्संना न देता स्वतःच वाजवायला लागला. डोळे मिटून, मान हलवून, ओठ चाटत. पाच मिनिटं आम्ही त्याचं कौतुक बघत बसलो. घ्यायची कोणाला, वाजवतो कोण!

अ‍ॅम्पची तर अजून गंमत. वन्सं एका लहान डब्याकडं बोट दाखवत होत्या. हे फोनवर. आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष सिद्धलिंग, त्यांना विचारत होते.

"हां सिद्धलिंग! शंभर वॅट म्हणतोय. बाळीवेशीतून कन्ना चौकापर्यंत जाईल का? ... व्हय व्हय, मिरवणुकीला आपलाच. घरचाच की!"

तेव्हा मला कळलं, हे कशाला आले होते ते. वन्संनाही कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच.

आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

का बघितलं, ते लिहिते. पन्नाशीला टेकलेली बाई, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, मांडीवर गिटार. दुकानात दोन कॉलेजच्या मुली येऊन उभ्या होत्या आणि एकमेकींना कोपर मारत होत्या. मला लाज वाटत होती. लवकर उरकावं आणि निघावं, एवढंच मनात होतं. आणि मनाच्या तळाशी हेही होतं, की नाहीतरी हे खूळ पंधरा दिवसांचं. मोठा डबा निदान मंडळाला तरी कामाला येईल. बायकोला शोभेल असा हिशेबी विचार. त्याची आज मला दुकानदाराच्या थुंकीपेक्षा जास्त घाण वाटते.

लाल गिटार आणि निम्म्या फ्रिजएवढा तो अ‍ॅम्प रिक्षात घालून घरी आणला. मी दोन्हीला विभूती लावली, नारळ फोडला. देवाला काय वाटलं असेल, देव जाणे.

पुढचे दिवस असे. तो डबा देवघराच्या भिंतीला लागून ठेवला, कारण दुसरीकडं बसतच नव्हता. चालू केला की हूं करत राहायचा. मी हातात लिंग घेऊन बसले की तो हूं माझ्या दातांत शिरायचा. आवाज कमी केला तर काहीच ऐकू येत नसे, आणि खुंटी तीळभर फिरवली की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या. मधलं काही त्याला जमतच नव्हतं. चौकासाठी केलेलं यंत्र, ते बारा बाय दहाच्या खोलीत काय करणार?

वन्सं कारखान्यातून आल्या की हातपाय धुऊन बसायच्या. ती जाड तार दाबता दाबता त्यांची बोटं आधी लाल, मग काळी पडली, मग फुटली. वळवायची तर लांबच. घरभर लोखंडाचा वास, गंजाचा, घामाचा. भाकरी थापायला बसल्या तर त्या वासानं पिठाला हात लावू देववेना मला. त्यांनी परात माझ्याकडं सरकवली.

आणि संध्याकाळी हे! चहा झाला की गिटार मांडीवर घ्यायचे, एकेक तार अंगठ्यानं दाबायचे आणि जी नरम लागेल तिची खुंटी पिळायचे. "सारखा ताण पायजे, नीला. उन्नीस-बीस चालत न्हाई."

वन्सं बिचाऱ्या तासभर कानानं तारा लावायच्या, हे पाच मिनिटांत अंगठ्यानं सारख्या करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"अण्णा, त्या सारख्या नसत्यात. एक बारीक बोलती, एक जाड बोलती."

"मागावर तीन हजार धागे एका ताणावर चालत्यात, हितं सहा चालंनात? तुलाच वाजवता येईना, असं म्हण की!"

वन्संना गप्प बसायची सवय आहे आणि ह्यांना त्या गप्प बसण्याची. मी पोळ्या लाटत होते.

श्रावण लागला. पुण्यस्मरण वद्य पंचमीला. मोजून अठरा दिवस राहिले होते, तेव्हा ते झालं. ह्यांनी आदल्या दिवशी सगळ्यात बारीक तार 'नरम' म्हणून पिळून ठेवली होती. वन्संनी मांडीवर घेऊन तिला बोट लावलं मात्र, ती तुटली आणि चाबकासारखी गालावर बसली. डोळ्याच्या बोटभर खाली. रक्ताची बारीक रेघ उमटली. मी हळद घेऊन धावले. वन्सं रडल्या नाहीत. म्हणाल्या, "वैनी, ही अव्वाचं पद बोलणार न्हाई. ही नुसती दात खाती."

हे आले, तुटकी तार बघितली आणि म्हणाले, "माल खराब."

मी त्या माणसाबरोबर एकतीस वर्षं संसार केला. त्या क्षणी मला त्यांच्या अंगठ्याचं नखसुद्धा बघवेना.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. मी वन्संना म्हटलं, "आज खाडा करा."

"कशाला?"

"उठा तर."

रिक्षावाल्यानं तो डबा बघून तोंड वाकडं केलं. मी मागच्या सीटवर अ‍ॅम्प बसवला आणि आम्ही दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना, एखादा जाडजूड पाहुणा मध्ये घेतल्यासारख्या. दुकानदार आम्हाला बघून हसला.

"काय मावशी, काका नाही आले?"

"नाही. हे दोन्ही परत घ्या आणि त्याबदली आमच्या पसंतीचं द्या."

"तार तुटलीय हो ह्याची."

"तार तुटलीय आणि वन्संचा गाल फाटलाय. दोन्ही नीट बघा."

त्यानं गाल बघितला, मग मोठा अ‍ॅम्प बघितला. लहान देऊन मोठा परत मिळणार म्हणजे त्याचा फायदाच होता, त्यामुळं तोंड लगेच गोड झालं. सवयीनं त्यानं दातातलं पिक काढलं आणि पुढं केलं.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "आधी हात धुऊन या."

वन्संनी कनवटीतून एक निळं प्लास्टिकचं पान काढलं. कारखान्यातली फुटकी कांडी कापून, फरशीवर घासून त्यांनी ते केलं होतं. कधी केलं, मला पत्ताही नव्हता.

मग त्यांनी जी निवड केली तशी मी आयुष्यात कोणाला करताना बघितली नाही. साडी घेताना आपण पोत बघतो, रंग बघतो. वन्संनी डोळे मिटले. पहिली गिटार मांडीवर, वायर जोडायला लावली. एक तार छेडली आणि वळवली. तिसऱ्या ओळीचं वळण, तेवढंच. डोकं हलवलं. "दुसरी." परत तेच वळण. "दुसरी." रंग कुठला, कंपनी कुठली, काही विचारलं नाही.

"मावशी, डोळे उघडा की, फोटो काढायचाय!" दुकानदार म्हणाला.

"तुमी तोंड मिटा, मंग उघडते," वन्सं म्हणाल्या. त्या खरखरीत आवाजात ते इतकं ठसक्यात बसलं, की त्यानं फोन परत खिशात घातला. ती तपकिरी गिटार मात्र विकली गेली होती.

सहावी गिटार कोपऱ्यात पडलेली. वापरलेली, कुठल्याशा ऑर्केस्ट्रातून आलेली. मानेवरच्या लाकडावर, पट्ट्यापट्ट्यांच्या मध्ये, कोणाकोणाच्या बोटांचा काळा चिकट थर. पाठीवर फाटक्या स्टिकरचा गोंद, त्याला चिकटलेले केस. घामट वास. वन्संनी छेडली, वळवली, आणि डोळे न उघडता तशाच थांबल्या.

"वन्सं, ही नको हो. हिला हात लावायची सोय नाही."

"वैनी, लई हात लागल्यात म्हणूनच मऊ झालीय. उंबऱ्यासारखी."

मग अ‍ॅम्प. इथं त्यांनी दुसरी तऱ्हा केली. तार छेडली, वळवली आणि श्वास रोखला. पहिल्या डब्यात श्वास संपायच्या आधीच आवाज मेला. दुसऱ्यानं गुरगुरून घर डोक्यावर घेतलं. तिसरा पोळ्यांच्या डब्याहून थोडा मोठा. त्याची एक खुंटी वन्संनी दुकानदाराकडून हळूहळू फिरवून घेतली. थोडी अजून. थोडी मागं. तार छेडली. आवाज चढला, वळला, उतरत राहिला, उतरत राहिला, आणि तो विझला तेव्हाच वन्संनी श्वास सोडला.

"ह्योच."

"मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?" ह्या वेळी तो हसत नव्हता.

"अव्वानं. एक ओळ, एक श्वास."

घरी आल्यावर मी गिटार ओसरीवरच ठेवून घेतली. आत येऊ दिली नाही. दात घासायचा जुना ब्रश, काड्या, खोबरेल तेल आणि फडकं घेऊन बसले. पट्ट्यांच्या कडेनं काडी फिरवली की मळाच्या काळ्या वळ्या निघायच्या. कोणाचा घाम, कोणाची तंबाखू, कोणाचं काय काय. दोनदा उठून तोंड धुऊन आले. वन्सं म्हणाल्या, मी करते. मी म्हटलं, बसा. त्या दिवशी कॅलेंडरकडं बघितलं होतं ना मी. मग हे काम माझंच होतं. शेवटी न्हाऊन आले तरी बोटांचा वास गेला नाही. आजही नीट गेलेला नाही.

संध्याकाळी हे आले. मोठ्या डब्याची जागा रिकामी बघितली.

"स्पीकर कुटं हाय?"

"परत दिला," मी म्हटलं.

"कुणाला विचारून? मी सिद्धलिंगला शब्द दिलाय! पोरांनी ट्रॅक्टर ठरवलाय!"

"मग ट्रॅक्टरवर स्पीकरच्या जागी तुमचा अंगठा मिरवा."

त्यांची नजर गिटारीवर गेली. हात आपोआप पुढं आला. अंगठा तारेवर.

"ही तर सगळीच ढिली हाय!" म्हणत त्यांनी खुंटीला हात घातला.

वन्संनी त्यांचं मनगट धरलं.

"ब्याड, अण्णा."

रागावल्या की त्या कानडीत जातात. ब्याड म्हणजे नको. पण एकोणपन्नास वर्षांत भावाला त्यांनी तो शब्द कधी ऐकवला नव्हता.

"अगं, मी चांगल्यासाठीच..."

"तुजा अंगठा मागावर. हितं माजं बोट. सोड."

ह्यांनी सोडली. वन्संनी डबा चालू केला आणि अव्वाचं पद काढलं. चुकत, थांबत, पहिली ओळ, दुसरी. तिसऱ्या ओळीला तार वर गेली आणि विहिरीत दोर सोडावा तशी खाली आली. हे चप्पल घालून बाहेर गेले. फोन लावल्याचा आवाज आला. "न्हाई, सिद्धलिंग. न्हाई मिळणार. दुसरा बघ." बराच वेळ कट्ट्यावर बसून होते. आत आले ते सरळ जेवायला.

मग राहिलेले दिवस रोज संध्याकाळी मी आणि वन्सं. त्या तार वळवायच्या, मी मागून गळा वळवायची. माझा गळा म्हणजे भाजीवाल्याला हाका मारून बनलेला. मी पायऱ्या उतरायची, त्या तार घसरवून दाखवायच्या. "पायऱ्या न्हाई, वैनी. दोर. दोर."

पंचमीला जंगम स्वामी आले, भजनाच्या बायका आल्या. दोघीतिघींनी गिटार बघून नाकं मुरडली. "काय बाई नीलम्मा, आता स्टेजवर जाणार की काय?" त्या वर्षी टाळ्या पिटणाऱ्या त्याच ह्या. मला त्यांच्याकडं बघून काय वाटलं ते वहीत लिहिण्याजोगं नाही. स्वामींनी मात्र डब्यालाही विभूती लावली.

वन्संनी वाजवलं, मी म्हटलं. तिसऱ्या ओळीला मी श्वास मध्येच घेतला. कोणाला कळलं नसतं. वन्संनी तारेवर हात ठेवून आवाज बंद केला, आणि सगळ्यांच्या देखत, त्या फुटक्या आवाजात म्हणाल्या, "परत."

मी परत म्हटलं. परत चुकलं.

"परत."

बायका चुळबुळल्या. स्वयंपाकघरातून हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, वास येत होता. हे दारात उभे होते, उजवा अंगठा मुठीत धरून. चौथ्यांदा तार चढली, तिच्याबरोबर मी चढले, आणि कुठंही न थांबता खाली आले. तळाला पोचले तेव्हा छातीत थेंबभरसुद्धा श्वास उरला नव्हता. स्वामींनी डोळे मिटलेले होते.

"हां," वन्सं म्हणाल्या. "आता तुमच्याकडं ऱ्हायलं."

पंगत तासभर उशिरा बसली. हुग्गीवर साय धरली होती आणि त्यात एक माशी पडली होती. मी ती चमच्यानं काढली आणि वाढायला घेतलं.